फायर ब्रिगेडचं काम चित्रांतून टिपायचंय, कुठून सुरुवात करू?

शाईपेन (जळगाव)
नमस्कार मंडळी. मी चित्रं काढते, पुस्तकांची कव्हरं, शाळांच्या भिंती, जे काम येईल ते. बऱ्याच दिवसांपासून मनात आहे की आपल्या खान्देशातल्या अग्निशमन दलाचं काम जागेवर बसून स्केच करायचं, म्हणजे बातमीदार जसा जाऊन लिहून आणतो तसं जाऊन काढून आणायचं. आगीचे व्हिडिओ आता सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असतात पण त्यात नुसत्या ज्वाळाच दिसतात, त्या ज्वाळांसमोर पाठमोरी उभी असलेली माणसं नक्की काय करतायत ते काही कळत नाही. पाइप कोण जोडतं, पंपाजवळ कोण थांबतं, पाणी संपलं की कोण कुणाला हाक मारतं, आग विझल्यावर पुढचे पाच-सहा तास तिथे काय चालतं, आणि कॉल नसतो तेव्हा ही माणसं दिवसभर काय करतात. हे सगळं मला काढायचंय.

तर विचारायचं असं की प्रत्यक्ष आगीच्या ठिकाणी जावं का की स्टेशनवरच बसून सुरुवात करावी? परवानगी कोण देतं? आणि सगळ्यात जास्त अडलंय ते इथे, की ज्याचं घर किंवा दुकान जळतंय त्याच्यासमोर वही उघडून बसणं बरोबर आहे का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी मोकळेपणाने लिहा.

भरीतवाला (सावदा)
ताई आमच्या मळ्यात भरीत पार्टीला या, पऱ्हाट्यांची आगही काढायला मिळेल आणि वर कळण्याची भाकर 😄 विषय मात्र एक नंबर आहे. बसलो भो पहिल्या रांगेत.

लेन्स_धुळे
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी बरीच वर्षं बातम्यांसाठी फोटो काढतोय. आगीच्या ठिकाणी खरं काय ते पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत घडतं, धूर, धक्काबुक्की, अंधार, तेवढ्यात तुमचा हात किती चालणार? कॅमेरा सेकंदाच्या पाचशेव्या भागात जे पकडतो ते पेन्सिल पकडू शकत नाही. आणि नंतर घरी बसून आमच्याच फोटोंवरून काढणार असाल तर मग ती फोटोची नक्कल झाली, जागेवरचं काम नाही झालं. स्टेशनवर बसून काढायचं असेल तर जरूर काढा, पण आगीत चित्रकाराचं काम काय हे मला अजून पटत नाही.

पांझरा
लेन्स भाऊ, पहिल्या पंधरा मिनिटमा आमना खेडामा बंबच येत नही तं फोटो कसाना काढशात? आमना गावमा गंजीले आग लागनी व्हती, बंब येवालगून निम्मा चारा जळी गयता. लोकेस्नी मोटारी चालू करीसन, ठिबकना पाइप तोडीसन पानी मारं. ते बी काढा ताई.

निवृत्त_लीडिंग
मी लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झालो. एवढं टाइप करायची सवय नाही, नातू शेजारी बसून मदत करतोय.

शाईपेन ताई, लोक ज्वाळा बघतात, आम्ही धूर बघतो. प्लास्टिकचा धूर काळाकुट्ट. ओल्या कापसाचा पांढरट पिवळा. बंद खोलीच्या दाराच्या फटीतून धूर आत-बाहेर, आत-बाहेर करायला लागला तर ते दार घाईने उघडायचं नाही, हवा मिळाली की आतली आग एकदम बाहेर येते. हे नवीन पोरांना सांगायला आमच्याकडे चित्रंच नसतात, फळ्यावर खडूने काढून दाखवायचो.

वर्दी, म्हणजे आगीची खबर, आली की विचारायचं काय जळतंय, आत माणूस आहे का, रस्ता कुठून. मग गाडी निघते. गाडीचा ड्रायव्हर तोच पंप चालवतो. सगळे आगीकडे तोंड करून असतात आणि हा एकटा आगीकडे पाठ करून पॅनेलसमोर उभा, डोळे गेजवर, कान पुढच्या माणसाच्या आरोळीवर. त्याचा फोटो पेपरात आलेला मी तरी बघितला नाही. साडेचार हजार लिटरची टाकी म्हटली की लोकांना फार वाटते, पण एक ब्रँच, म्हणजे पाइपच्या टोकाची तोटी, मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर फेकते, म्हणजे दहा मिनिटांत टाकी कोरडी. दुसरा बंब किंवा टँकर येईपर्यंत ते पाणी पुरवायचं कसं यातच सगळं कौशल्य आहे. लोक ओरडतात इकडे मारा इकडे मारा, आणि आम्ही जळत्या दुकानाऐवजी शेजारच्या न जळलेल्या भिंतीवर पाणी मारत असतो. शिव्या खातो. पण ती भिंत थंड ठेवली नाही तर अख्खी रांग जाते.

ब्रँचवर दोघं लागतात. पुढचा दिशा देतो, मागचा पाइप अंगाशी दाबून धरतो कारण पाण्याचा उलटा धक्का मोठा असतो. मागच्याचा चेहरा कुठल्याच फोटोत येत नाही, तो पुढच्याच्या पाठीमागे लपलेला. तुम्ही काढणार असाल तर त्याला काढा, एवढीच विनंती.

शाईपेन
काका, तुमचा हा एक प्रतिसाद मी प्रिंट काढून टेबलासमोर लावतेय. पंपवाला आणि मागचा माणूस, दोघेही यादीत सगळ्यात वर.

खडूफळा (अमळनेर)
कलाशिक्षक आहे, थोडं हाताच्या कामाबद्दल लिहितो.

लेन्स भाऊंचा मुद्दा वेगापुरता खरा आहे, पण जागेवरचं चित्र म्हणजे एका क्षणाचं चित्र नसतंच. आपण अर्धा तास एका ठिकाणी उभे राहतो आणि त्या अर्ध्या तासात काय काय झालं ते एकाच कागदावर साठत जातं. कोपऱ्यातला माणूस आधी वाकलेला होता तो नंतर पाइप खांद्यावर घेऊन गेला, दोन्ही वेळचा तोच माणूस एका कागदावर येऊ शकतो. बाजूला शब्द लिहायचे, कोण काय ओरडलं, वास कसला होता, पाय ओले झाले का.

ताई, आधी तीनच गोष्टी पकडा, गाडी कुठे आहे, पाइपची रेघ कुठून कुठे गेली आहे आणि माणसांचे घोळके कुठे आहेत. पाइपकडे फार नीट बघा. रिकामा पाइप चपटा पडतो, घड्या पडतात, कोपऱ्यावर मोडतो. पाणी भरलं की तोच गोल होतो, टणक होतो, मोठी वळणं घेतो आणि जोडाजवळ बारीक तुषार उडतात. हे बरोबर आलं की बघणाऱ्या फायरमनला चित्रावरूनच कळेल की पाणी चालू आहे की बंद.

सामान साधं ठेवा. बॉलपेन सगळ्यात भरवशाचं, तुषार पडले तरी पसरत नाही. फाउंटन पेनची साधी शाई नेऊ नका, वॉटरप्रूफ असेल तरच. वॉटरकलरचं म्हणाल तर मे महिन्यात आपल्याकडे पातळ रंगाचा वॉश कागदावर टेकतो न टेकतो तोच सुकतो, त्यामुळे कडा कडक येतात, धूर काढायला ते मुळीच उपयोगाचं नाही. धुरासाठी कोळसा घ्या आणि बोट. रात्रीच्या कॉलला करड्या कागदावर काळं आणि पांढरी पेन्सिल, पांढरी फक्त पाण्याला आणि हेल्मेटच्या चकाकीला.

निवृत्त_लीडिंग
खडूफळा सर, पाइपचं लाख बोललात. आम्ही अंधारात पाय लावून बघतो पाइप भरला का.

सरकी (धरणगाव)
मी हे लिहू की नको असं दोनदा वाटलं. आमची जिनिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी काढून गाठी बांधायचा कारखाना, घरची. सीझनमध्ये आग लागली होती. कारण नेहमीचंच, कापसात खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, जिनमध्ये घासला, ठिणगी पडली आणि कापूस उडवणाऱ्या हवेबरोबर ती ढिगापर्यंत गेली. कापसावर आग धावते, माणसापेक्षा जोरात धावते, डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

ज्वाळा तासा-दोन तासांत बसल्या. सगळ्यांचे मोबाईल तेवढ्यात भरून झाले, गर्दी पांगली. आणि खरं काम तिथून पुढे सुरू झालं. कापसाची दाबलेली गाठ वरून भिजते आणि आत तशीच धुमसत राहते. एकशे सत्तर किलोची गाठ, जेसीबीने बाहेर ओढायची, पट्ट्या तोडायच्या, पहारीने उकलायची, आतला तपकिरी झालेला थर मोकळा करून त्यावर पाणी मारायचं, की पुढची गाठ. असं रात्रभर, दुसरा दिवस, तिसऱ्या दिवशीही एका कोपऱ्यातून धूर यायचाच. एक मुलगा, माझ्या धाकट्या दिराच्या वयाचा असेल, सरकीच्या ढिगाला टेकून पेपरवरचे पोहे खात होता, हात कोपरापर्यंत काळे, म्हणून तो पेपर तोंडाजवळ नेऊन तसाच खात होता. माझ्या सासऱ्यांना त्याने जबरदस्तीने खुर्चीत बसवलं होतं, पाणी पाजलं होतं. त्याचं नाव आम्ही विचारलंच नाही त्या गडबडीत.

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर हे. पहिल्या तासात कुणी वही घेऊन आमच्यासमोर बसलं असतं तर मी हाकलून दिलं असतं. दुसऱ्या दिवशी कुणी येऊन विचारलं असतं की बसू का, तर चहा दिला असता. आणि त्या मुलाचं चित्र कुणी काढलं असतं तर आज ऑफिसात लावलं असतं. आमच्याकडे फोटो आहेत ते सगळे विम्याच्या सर्व्हेयरने काढलेले, जळालेल्या मालाचे. माणसाचा एकही नाही.

भरीतवाला
सरकी ताई, वाचून गप्प झालो.

चारनंबर_गल्ली
पहिल्यांदाच लिहितेय इथे. माझे मिस्टर फायरमन आहेत, गाव लिहीत नाही. सरकी ताईंनी पोह्यांचं लिहिलं म्हणून सांगते, आमच्याकडे डबा दिला की तो खाल्लाच जाईल असं नसतं. कॉल आला की अर्धा डबा तसाच झाकून ठेवून जातात, परत येऊन उघडतात, परत कॉल. उन्हाळ्यात तर रोजचंच, दुपारी तारेला तार लागली की गहू पेटला, कचरा पेटला, गोठा पेटला. घरी आले की आधी बाहेरच्या नळावर हातपाय, बूट बाहेर, तरी टॉवेलला दोन धुण्यांपर्यंत वास राहतो. प्लास्टिकच्या गोडाऊनचा कॉल असला तर खोकला आठवडाभर.

आणि सगळेच कॉल आगीचे नसतात हे पण काढा. विहिरीत गाय पडली, पुरात कुणी अडकलं, मांजात घार अडकली, झाड रस्त्यावर पडलं. आमच्या मुलाला वाटतं बाबा गाईंना विहिरीतून काढायचं काम करतात, आगीचं त्याला माहीतच नाही अजून.

शाईपेन
वहिनी, घरच्या माणसांची चित्रं काढायची हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांची आणि तुमची हरकत नसेल तर कधीतरी तुमच्या ओट्यावर बसून काढायला आवडेल, चेहरे ओळखू येणार नाहीत असे काढेन.

चारनंबर_गल्ली
विचारते त्यांना. ते लाजतील आधी.

तापीकाठ (भुसावळ)
थोडं विषयांतर, पण अगदीच नाही. आपल्या भागातल्या सगळ्यात मोठ्या चित्र-नोंदीचं काय झालं हे इथल्या किती जणांना माहीत आहे? अजिंठ्याची भित्तिचित्रं उतरवून घ्यायला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिलला नेमलं. त्याने वर्षानुवर्षं तिथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर नकला केल्या, त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या आणि १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग पुन्हा जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जेजे स्कूलचे विद्यार्थी आले, १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षं काम चाललं. तीही चित्रं लंडनला गेली आणि १८८५ च्या आगीत त्यातलीही बरीच गेली. एकाच गुंफांची नोंद दोनदा केली आणि दोन्ही वेळा आगीने नेली. गिल १८७९ मध्ये वारला, त्याची कबर आमच्या भुसावळातच आहे.

म्हणून शाईपेन ताई, काढलेलं पान त्याच दिवशी स्कॅन करा आणि स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

मुक्कामपोस्ट_पुणे
हे अजिबात माहीत नव्हतं! मी पाचोऱ्याचा, अजिंठ्याच्या पायथ्याच्या फर्दापूरला शाळेच्या सहली गेल्या, पण भुसावळच्या कबरीचं कुणी सांगितलं नाही. आणि चित्रकारांचा विषय निघालाच आहे तर चाळीसगावच्या केकी मूसांना कोण विसरेल, स्टेशनजवळच्या घरात बसून एका टेबलावर फोटो रचणारा माणूस.

खडूफळा
मूस साहेब घराबाहेर जवळजवळ पडायचेच नाहीत आणि शाईपेन ताईंना बंबामागे धावायचंय. दोन्ही आपलेच 😊

लेन्स भाऊंनी "नंतर घरी बसून काढलेलं चालेल का" असं विचारलं होतं त्यावर एक उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ऑक्झिलरी फायर सर्व्हिस या मदतीच्या अग्निशमन दलामध्ये बरेच चित्रकार भरती झाले होते, रात्री पाइप धरायचे आणि मोकळ्या वेळेत चित्रं काढायचे, त्यांची प्रदर्शनंही झाली. त्यातला एक लिओनार्ड रोझोमन. १९४० मध्ये शू लेन भागात एक भिंत दोन फायरमनवर कोसळली. काही वेळापूर्वी त्या जागी पाइप धरून रोझोमन स्वतः होता, त्याला नुकतंच मोकळं केलं होतं. ते चित्र त्याने नंतर काढलं, आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. तिथे कॅमेरा नव्हता आणि भिंत कोसळतानाचा फोटो कुणी काढूही शकलं नसतं. आठवणीतून काढलेलं म्हणून ते खोटं ठरतं का?

आपल्याकडचं उदाहरण हवं तर चित्रकार चित्तप्रसाद. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर भागात पायी फिरून पेनशाईने माणसं काढली, सोबत माहिती लिहिली, कोण, कुठल्या गावचं, काय झालं. त्याची पुस्तिका निघाली, तिच्या प्रती ब्रिटिशांनी जप्त करून नष्ट केल्या. काढलेल्या माणसाला त्याची ओळख त्यांनी दिली, नुसता उपाशी देह म्हणून नाही काढलं.

लेन्स_धुळे
सर, रोझोमनचं पटलं, कारण तो स्वतः तिथे पाइप धरून होता. माझा आक्षेप दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राला आहे. काका सांगतील दार कसं उघडलं, ताई ते काढतील, आणि दहा वर्षांनी लोक म्हणतील असंच झालं होतं. फोटोत निदान कॅमेरा तिथे होता एवढी तरी खात्री असते. आगीची चौकशी चालू असते, कोर्टात जातं प्रकरण, तिथे असं चित्र कुणी पुढे केलं तर?

शाईपेन
लेन्स दादा, हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो आणि मी तो पाळणार. प्रत्येक पानाखाली लिहायचं, "डोळ्यांनी बघून काढलं" किंवा "सांगण्यावरून काढलं, सांगणारा अमुक कामावर होता". दोन्हींसाठी कागदही वेगळा वापरेन, बघितलेलं पांढऱ्यावर आणि ऐकलेलं करड्यावर, म्हणजे खालची ओळ कुणी कापली तरी कळेल.

लेन्स_धुळे
कागद वेगळा करायची युक्ती चांगली आहे. मग माझा विरोध अर्धा मागे. उरलेला अर्धा चित्रं बघून ठरवू.

निवृत्त_लीडिंग
सांगण्यावरून काढायचं असेल तर एक गोष्ट आहे जी फोटोत येऊच शकत नाही. बीए सेट, म्हणजे श्वासासाठीचा मास्क आणि हवेचा सिलेंडर, लावून आत गेल्यावर काय दिसतं. काही दिसत नाही. हाताचा पंजा डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही. डावा किंवा उजवा हात भिंतीला लावून भिंतीच्या कडेने जायचं, पाय उचलायचा नाही, घासत पुढे न्यायचा, पुढे जमीन आहे का बघायचं. पंज्याची मागची बाजू पुढे धरून चाचपायचं, कारण उघडी तार तळव्याला लागली तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. सिलेंडरमधली हवा कमी झाली की शिट्टी वाजायला लागते, आपली आहे की जोडीदाराची ते पण त्या गोंगाटात ओळखावं लागतं. शिट्टी झाली की बाहेर. परत यायची वाट म्हणजे पाइप, तोच धरून मागे यायचं. याचं चित्र कसं काढायचं ते तुम्हा चित्रकारांनी ठरवा, सगळा काळा कागद होईल.

खडूफळा
काका, पूर्ण काळ्या कागदावर फक्त हात, पाय आणि पाइप. बस्स.

सातपुडा_पायवाट (यावल)
सगळे शहरातलं बोलताय म्हणून आमची बाजू मांडतो. आमच्याकडे आगीला लाल गाडी येत नाही, येऊच शकत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सातपुड्यात वणवे लागतात. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात आणि तो हाताबाहेर जातो, हे एक मोठं कारण. पाणी नसतंच. वन विभागाने आधीच जाळरेषा काढून ठेवलेल्या असतात, म्हणजे पट्टा साफ करून, पाला जाळून मोकळा केलेला, की आग तिथे येऊन थांबावी. मग ब्लोअरने पाला मागे उडवायचा, नाहीतर ओल्या फांद्यांनी झोडपायचं. आग लावून आग थांबवायची पण पद्धत आहे, समोरून पेटवत न्यायचं म्हणजे दोन्ही भेटल्या की खायला काही उरत नाही, पण वारा कळणाराच माणूस ते करतो. हे करणारे बहुतेक पावरा, तडवी वस्त्यांमधले हंगामी फायर वॉचर. पायात साध्या चपला. रावेर-यावलकडून रात्री डोंगरावर लाल रेघ दिसते तिचे फोटो सगळे टाकतात, त्या रेघेच्या टोकाला फांदी घेऊन उभा असलेला माणूस तेवढ्या अंतरावरून दिसतच नाही.

पांझरा
एक नंबर लिखं भाऊ. चपलास्नं चित्र काढाच ताई.

अर्ज_विनंती
मी एका नगरपालिकेत नोकरीला आहे, परवानगीबद्दल थोडं. महापालिका असेल तर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या नावाने, नगरपालिका असेल तर मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्या. नुसतं "चित्रं काढायची आहेत" असं लिहिलंत तर फाइल टेबलावर पडून राहील, कारण कुणालाच कळणार नाही की होकार कशाला देतोय. अर्जात काय करणार नाही ते आधी लिहा, घेऱ्याच्या आत जाणार नाही, जागेवरच्या अधिकाऱ्याचा शब्द शेवटचा, जखमी किंवा मृत व्यक्ती काढणार नाही, पोलीस पंचनामा चालू असलेल्या प्रकरणातलं काही दाखवणार नाही. कारखाना किंवा गोडाऊन खाजगी जागा असते, तिथे मालकाची वेगळी परवानगी लागते. आणि सोबत दोन-चार नमुना चित्रं जोडा.

मुहूर्त विचाराल तर १४ ते २० एप्रिलचा अग्निशमन सेवा सप्ताह. तेव्हा प्रात्यक्षिकं असतात, शाळा येतात, कुणी हरकत घेत नाही. शक्य झालं तर प्रतिबंधाचीही चित्रं करा. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार इमारतीच्या मालकाने दर जानेवारी आणि जुलैला यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. जिन्यात ठेवलेली खोकी, कुलूप लावलेलं मागचं दार, रिकामी होज बॉक्स, हे एका पानावर काढून दाखवलंत तर आमच्या नोटिसांपेक्षा जास्त लोक बघतील.

तापीकाठ
१४ एप्रिलबद्दल भर घालतो, विशेषतः सरकी ताईंचं वाचल्यावर. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजात स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही होत्या. आग कापसात धुमसत होती, मुंबई फायर ब्रिगेडचे लोक जवळजवळ दोन तास पाणी मारत होते, आणि मग स्फोट. ६६ अग्निशमन जवान गेले. गाठ आत धुमसत राहते हे धरणगावच्या जिनिंगमध्ये जसं तसंच तिथे.

निवृत्त_लीडिंग
दरवर्षी त्या दिवशी सकाळी आम्ही हुतात्म्यांना मानवंदना द्यायचो, आणि त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती, म्हणून संध्याकाळी मिरवणुकीला बंब घेऊन बंदोबस्त. सकाळी कडक गणवेश, रात्री तोच माणूस गाडीच्या फूटबोर्डवर बसून गर्दीतल्या पोरांना हूटर वाजवून दाखवतोय. ताई, एकाच दिवसात दोन पानं मिळतील.

मुक्कामपोस्ट_पुणे
मला एक सांगा, एवढं सगळं काढून शेवटी हे जाणार कुठे? प्रदर्शन, पुस्तक?

शाईपेन
आधी स्टेशनमध्ये. जे काढेन त्याची चांगली प्रिंट तिथल्या भिंतीवर, आणि ज्याचं चित्र त्याच्या घरी एक प्रत. काका म्हणाले ना नवीन पोरांना शिकवायला चित्रं नसतात, तर धुराच्या रंगांचं आणि दाराच्या फटीचं असे मोठे तक्ते करून देईन, काका तपासून देणार असतील तर. प्रदर्शनाचं नंतर बघू.

आणि माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हा सगळ्यांच्या लिहिण्यातून मला मिळालंय असं वाटतं. सुरुवात स्टेशनवरून, सकाळची ड्रिल, पाइप धुऊन वाळत घालणं, गाडीची तपासणी, म्हणजे माणसांना माझी सवय होईल आणि मला त्यांच्या हालचालींची. मग कुलिंगचं काम, ज्वाळा बसल्यानंतरचं, मालकाला विचारून. पेटलेल्या आगीसमोर पहिल्या तासात वही काढायची नाही. तेव्हा जे होतं ते काकांसारख्यांकडून ऐकून करड्या कागदावर.

सरकी
दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाली की या. यावेळी आम्ही बादल्या, वाळू, पाइप सगळं नव्याने लावलंय, महिन्याला एकदा कामगारांकडून सराव पण करून घेतो. बायकाच जास्त आहेत कामावर, पाइप त्याच धरतात. त्यांना काढा.

भरीतवाला
आणि परत जाताना सावद्याहून जा ताई, मी बोलावलंय ते खरंच बोलावलंय.

चारनंबर_गल्ली
विचारलं त्यांना. हो म्हणाले. म्हणाले माझं नको काढू म्हणावं, आमच्या पंपवाल्याचं काढा.

निवृत्त_लीडिंग
बघा, मी म्हटलं नव्हतं!

तक्ते नक्की तपासून देतो, पाठवा. ड्रिलला बसायला जाल तेव्हा दोन गोष्टी. कपलिंगच्या, म्हणजे पाइपच्या जोडाच्या, सरळ रेषेत बसू नका, नीट बसलेलं नसेल तर प्रेशर आल्यावर सुटतं आणि पायावर येतं. आणि पाइपच्या वळणाच्या आतल्या बाजूला कधीच थांबायचं नाही. पाणी आलं की वळण सरळ व्हायला बघतं आणि माणसाला आडवं करतं. बाहेरच्या बाजूला, पंपापासून थोडं मागे बसा, तिथून पॅनेलपण दिसतं आणि ब्रँचवरचे दोघंही दिसतात. साडी-ओढणी नको, पायात बंद बूट.

शाईपेन
बूट आहेत काका. अर्ज उद्या देते, अर्ज_विनंती दादा, मसुदा तुम्हाला आधी वाचायला पाठवू का?

अर्ज_विनंती
पाठवा. नमुना चित्रांत पाइप भरलेला दाखवा बरं का, साहेब जुने फायरमन आहेत.